पाव फेरा

आमच्या चर्चने वर्धापनदिनाची स्मरणिका काढली, तिच्यात मागच्या पानांवर कुठेतरी माझ्या बाबांचा फोटो आहे. खाली छापलं आहे, ‘गोड गळ्याचे, निष्ठावंत बंधू.’ वाचून मला असं हसू आलं की चहा नाकात गेला. बंधू! जिवंत होते तोवर त्या आवारात त्यांना कोणी बंधू म्हटलं नाही. बाकी सगळे बंधू होते. रेल्वेतले क्लार्क बंधू, शाळेतले मास्तर बंधू, दवाखान्यातले कंपाउंडरही बंधू. बाबा फक्त मिस्त्री. मिस्त्री, मोरीचा नळ गळून राहिला. मिस्त्री, जरा वरची टाकी पाहून घ्या. माणूस मेला की बंधू होतो, हे मला त्या स्मरणिकेने शिकवलं. आणि गोड गळा म्हणाल, तर त्या गोड गळ्याला याच लोकांनी चौदा वर्षं त्या चार भिंतींत एक ओळ म्हणू दिली नाही. ते मात्र छापलं नाही. जागा पुरली नसेल बिचाऱ्यांना.

मी या लोकांना नावं ठेवायला बसले आहे, आणि पोटभर ठेवणार आहे. पण त्यांच्यातच मीही एक आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, बाई मोठी साळसूद.

बाबा नळाचं काम करायचे. पाइप कापायचा, त्याला आटे पाडायचे, आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा फासायचा आणि पान्याने आवळायचा. साठ-पासष्टच्या सुमारास धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांनी एकामागून एक दवाखाने काढले, तेव्हा त्यांतल्या कितीतरी भिंतींच्या आतली शिरा-धमन्यांची कामं बाबांनी केली. सायकलच्या दांड्याला पाइप बांधून ते सकाळी निघायचे आणि गातच निघायचे. गल्लीतल्या बायका त्यांच्या आवाजावर कुकर... नाही, कुकर कुठला तेव्हा, त्यांच्या आवाजावर पोरांना शाळेत हाकलायच्या.

त्यांची गाणी सगळी देवाची, पण चाली आपल्या मातीतल्या. शेतात निंदणाऱ्या बाया म्हणतात तशा, जात्यावर म्हणतात तशा. हातात एक खंजिरी असायची, तिचं कातडं उन्हात तापवून घ्यायचे. पुस्तकातली गाणी ते म्हणायचे, पण स्वतः बांधलेली जास्त म्हणायचे. शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे कागदावर काही लिहून ठेवायची भानगड नाही. सगळं डोक्यात. नवीन बांधलेल्या दवाखान्याच्या रिकाम्या न्हाणीघरात उभे राहून ते गाणं बसवायचे, कारण तिथे आवाज घुमतो. एकदा एका डॉक्टरीणबाईने विचारलं, मिस्त्री, तुम्ही काम करून राहिले की प्रार्थना? बाबा म्हणाले, बाई, पाणी चढलं तर काम, नाही चढलं तर प्रार्थना.

सुटीत ते मला बरोबर न्यायचे. मी एकुलती एक. नातेवाईक आईला टोमणे मारायचे, पोट्टीला काय मिस्त्री करता का? आई म्हणायची, मिस्त्री होईल नाहीतर तुमच्यासारखी रिकामी बसेल. मला मात्र ते काम फार आवडायचं. बाबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. वॉल्व्ह उघडताना चाक शेवटपर्यंत फिरवायचं, आणि मग पाव फेरा मागे घ्यायचं. पार शेवटाला आवळून ठेवलं की ते तिथेच धरतं, जाम होतं, आणि पुढल्या वेळी कोणाच्या बापाला हलत नाही. ‘माणसालेही असंच ठेवावं लागते,’ ते म्हणायचे, ‘थोडं मागे घेऊन.’ मी मान डोलवायची. किती समजलं होतं, ते पुढे सांगते.

आता कमिटीकडे वळू. चर्चची कमिटी म्हणजे सात माणसं आणि एक सेक्रेटरी. सात जणांनी माना हलवायच्या आणि सेक्रेटरीने बोलायचं, अशी कामाची वाटणी. सेक्रेटरी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि रविवारीही कचेरीतच असल्यासारखे वागायचे. बसायला खुर्ची लागायची, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला चालायची नाही. प्रभू येशू स्वतः आला असता तरी त्यांनी आधी अर्ज मागितला असता.

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब नाहीत. पूर्ण माणूस पाण्यात बुडवून बाहेर काढावा लागतो. तोवर सगळे बाप्तिस्मे तलावावर किंवा कोणाच्या तरी विहिरीवर व्हायचे. मी बारा वर्षांची असताना कमिटीने ठरवलं की हे काही आपल्या शानीला शोभत नाही, चर्चच्या आतच टाकं बांधायचं. वेदीसमोरची जमीन खोदून छातीइतकं खोल टाकं बांधलं, आत उतरायला पायऱ्या केल्या, वरून फळ्या टाकल्या. नळाचं सगळं काम बाबांनी केलं. दीड महिना. दिवसा दवाखान्याची कामं, संध्याकाळी चर्चचं. देवाचं काम आहे म्हणून एक पैसा घेतला नाही, आणि देवाचं काम आहे म्हणून कोणी विचारलाही नाही. चर्चच्या मागे कडुनिंबाखाली एक खड्डा करून त्यात वॉल्व्ह बसवला, वरून लोखंडी झाकण. महापालिकेचं पाणी पहाटे यायचं. आदल्या संध्याकाळी वॉल्व्ह उघडून ठेवला की सकाळपर्यंत टाकं आपोआप भरणार, अशी ती योजना.

आणि त्या टाक्यासाठी बाबांनी गाणं बांधलं. बायबलातल्या, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या त्या बाईचं, जिच्याकडे एक परका माणूस पाणी मागतो आणि बोलता बोलता तिलाच पाजतो. तीन कडवी.

विहिरीवर आली बाई, दुपारच्या पारी,
घागर तिची रिती अन् तहान तिची भारी.

पहिलं कडवं बाईचं, दुसरं पाणी मागणाऱ्याचं. ही दोन मी त्यांच्या मागे सायकलवर बसून पाठ केली होती. तिसरं ते म्हणूनच दाखवायचे नाहीत. त्या तिसऱ्यात बाई घागर तिथेच टाकते आणि गावात जाऊन सगळ्यांना सांगते, एवढंच मला माहीत. ‘तिसरं त्याच दिवशी,’ ते म्हणायचे, ‘टाकं भरलं की.’ आईलाही सांगितलं नाही.

पहिल्या बाप्तिस्म्याला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. बाप्तिस्मा घेणारे नऊ जण, त्यांत सेक्रेटरीचा मुलगा. मुलगा म्हणजे चांगला बावीस वर्षांचा, अंगाने दणकट गडी. बाबा आदल्या गुरुवारी गाण्याचं विचारायला सेक्रेटरींकडे गेले, मी बरोबर होते. सेक्रेटरी ओसरीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी सांगितलं की त्या दिवशी बाहेरची क्वायर येणार आहे, बाजाबरोबर, चार आवाजांत. पाहुण्यांसमोर खंजिरी आणि शेतातल्या चाली बऱ्या दिसत नाहीत. मग म्हणाले, ‘तुमचं ते विहिरीवरचं नंतर कधी ठेवू, मिस्त्री. आणि हां, आवारातला नळ थेंब-थेंब गळून राहिला, तेवढा पाहून जा.’

बाबा बरं म्हणाले आणि गेले. नळ दुरुस्त करायला गेले! मला वाटलं होतं पाना फेकून मारतील. कामापुरता मामा, आणि मामाला त्याचं काहीच नाही. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. बारा वर्षांच्या पोरीला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्याच माणसाच्या भलेपणाचा.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी कडुनिंबाखाली वॉल्व्ह उघडला. मी बघत होते. चाक पूर्ण फिरवलं, पाव फेरा मागे घेतलं, झाकण लावलं. मग पान्याची पिशवी घेऊन घरी गेले. मी मैत्रिणीकडे जाते म्हणून मागे राहिले. उजेड होता अजून, आवारात कोणी नव्हतं. मी झाकण सरकवलं, दोन्ही हातांनी चाक बंद केलं, शेवटपर्यंत. आणि मग, बाबांनी शिकवलं होतं ना, चाक शेवटाला आवळून ठेवायचं नाही, म्हणून पाव फेरा मागे घेतलं. झाकण लावलं. हात फ्रॉकला पुसले आणि घरी जाऊन वरण-भात जेवले. माझा हिशोब सोपा होता. टाक्यात पाणी नसेल, सेक्रेटरीची फजिती होईल, आणि पाहुण्यांना कळेल की हे लोक कसे आहेत. बाबांचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. अक्कल म्हणतात ती याला.

रविवारी पहाटेच रामदासपेठेतल्या एका दवाखान्याचा माणूस सायकलवर आला, वरच्या मजल्यावर पाइप फुटला होता. बाबा तसेच गेले. तिथून थेट चर्चला आले, ओल्या कपड्यांनीच. आत जाऊन टाकं पाहतो म्हणाले तर सेक्रेटरीने किल्ली दिली नाही. फळ्यांवर नवीन लाल सतरंजी अंथरली होती, तिच्यावर ओले पाय नको होते. ‘तुमचं काम झालं ना? मग झालं.’ हे त्यांचे शब्द. मी तिथे उभी होते आणि मनातल्या मनात नाचत होते.

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. चर्च गच्च भरलेलं. मुंबईचे पाहुणे कोटात. क्वायरने चार आवाजांत काहीतरी म्हटलं, ज्यातला एक शब्द कोणाला कळला नाही, पण सगळ्यांनी तोंडं पवित्र करून ऐकलं. मग सतरंजी गुंडाळली, फळ्या काढल्या, आणि पाळकसाहेब पांढरा झगा सावरत पायऱ्या उतरले. उतरले, उतरले आणि उतरतच गेले. शेवटच्या पायरीखाली पाणी होतं घोट्याइतकं. माझ्या पाव फेऱ्यातून पहाटे जेवढं झिरपलं तेवढं. पाळकसाहेबांनी वर पाहिलं, सेक्रेटरींनी खाली पाहिलं. पण घड्याळाप्रमाणे चालायचं ठरलेलं, म्हणून पहिला उमेदवार उतरलाच, सेक्रेटरीचा मुलगा. पाळकसाहेबांनी त्याला त्या घोटाभर पाण्यात आडवा करायचा प्रयत्न केला. तो दणकट गडी, खाली फरशी गुळगुळीत. दोघेही बदकन बसले. त्याचं पोट कोरडंच वर राहिलं. पाळकसाहेबांनी ओंजळीने पाणी घेऊन त्याच्या पोटावर टाकायला सुरुवात केली तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, आंघोळच घालून राहिले का बापा? चर्चभर हसू फुटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पुस्तकात वाचली होती, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

नळाला तेव्हा पाणी नव्हतं, येऊन गेलं होतं. मग शेजारच्या गल्लीतल्या विहिरीवर धाव. त्या गल्लीत छप्पन साली बौद्ध झालेली घरं होती. सेक्रेटरी एरवी तिथून नाकाला रुमाल लावून जायचे, आता त्यांच्याच बायांकडे पाण्याचे गुंड, घागरी आणि बादल्या मागत होते. त्या लोकांनी काही विचारलं नाही, ओळ लावली आणि हातोहात पाणी आणून दिलं. दोन तास. सगळ्यात पुढे विहिरीत बादली सोडून ओढत होते बाबा. त्या दिवशी विहिरीवर एकदा तरी कोणी गायला पाहिजे होतं, आणि तोच माणूस तोंड मिटून पाणी ओढत होता.

टाकं भरल्यावर कमिटी कडुनिंबाखाली आली. बाबांनी झाकण काढलं, उकिडवे बसले, चाकावर हात ठेवला. बंद होतं. मी चार हातांवर आईला चिकटून उभी होते. बाबांनी चाक बंद करायच्या बाजूला हलकेच फिरवून पाहिलं, ते पाव फेरा फिरलं आणि थांबलं. त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. मला वाटलं घाम पुसतात. मग उठून म्हणाले, ‘माझी चूक आहे, साहेब. मी उघडायचाच विसरलो.’

सेक्रेटरींच्या मुलाचे कपडे अजून गळत होते. सेक्रेटरी म्हणाले, ‘विसरले, की गाऊ दिलं नाही त्याचा राग काढला?’

बाबांनी वाकून झाकण लावलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, आईचा पदर सोडून चार पावलं पुढे जायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं. मी आईच्या पदराची गाठ सोडत आणि बांधत उभी राहिले.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. निकाल असा की मिस्त्रीने सहा महिने चर्चमध्ये गायचं नाही. पुढे नाही, बाकावरूनही नाही. सहा महिन्यांनी माफीपत्र द्यायचं, मग पुन्हा परवानगी. माफीपत्र सेक्रेटरींनी स्वतःच लिहून आणलं, हेडक्लार्की अक्षरात. त्यात लिहिलं होतं, ‘रागाच्या भरात माझ्या हातून हे कृत्य घडले.’ खाली सहीपुरती जागा. बाबा म्हणाले, विसरलो असं लिहा, सही करतो. ते म्हणाले, नाही, हेच. आई रडली, ओरडली, चार शब्दांसाठी काय अडून बसता म्हणाली. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, ‘राग माझ्या मनात नव्हता. तो कागदावर कुठून आणू?’

सहा महिन्यांची चौदा वर्षं झाली. हे ऐकून तुम्हाला वाटेल की बाबांनी चर्च सोडलं असेल. छे! दर रविवारी शेवटच्या बाकावर यायचे, पुस्तक उघडून धरायचे, आणि सगळे गात असताना ओठ मिटून उभे राहायचे. आणि गाणं संपलं की कमिटीतला कोणीतरी मागे वळून म्हणायचा, मिस्त्री, जाताना जरा ती टाकी. आणि ते पाहायचे. या लोकांना लाज नव्हती हे तर दिसतच होतं. पण बाबांनीही त्यांच्या नळाला कधी हात लावायचं नाकारलं नाही, याचा मला इतका संताप यायचा की मी घरी भांडी आपटायची. स्वतःचं तोंड बंद ठेवून दुसऱ्यांच्या नावाने भांडी आपटणं फार सोपं असतं. त्यात मी पुढे पटाईत झाले.

बाबा बाहेर गायचे. सत्तरच्या पुढे कोराडीला वीज केंद्राच्या क्वार्टरांचं काम निघालं, तिथे ते बसने जायचे. राखेने पांढरे होऊन यायचे. त्यांच्याबरोबरचे गवंडी सांगायचे की मिस्त्री दुपारच्या सुटीत मोकळ्या क्वार्टरच्या न्हाणीत उभा राहून गातो आणि कोळशाच्या ट्रकचे ड्रायव्हर थांबून ऐकतात. हिंदी बोलणारे ड्रायव्हर, त्यांना शब्दही समजत नसतील. मला हे ऐकून बरं वाटायचं. बघा, गातातच ना, मग काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावायची. विहिरीवरचं गाणं मात्र त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. मीही म्हणा म्हटलं नाही.

दहा वर्षांनी आई गेली. तिची शवपेटी वेदीसमोर त्याच फळ्यांवर ठेवली होती, खाली तेच टाकं. तिला बाबांचं गाणं फार आवडायचं. सेक्रेटरी, आता केस पांढरे झालेले, बाबांच्या जवळ येऊन हळूच म्हणाले की आजच्या दिवस गायला कमिटीची हरकत नाही, सही मागाहून केली तरी चालेल. खिशात तो कागद होता त्यांच्या! दुसऱ्याच्या मयतीला माफीपत्र खिशात घालून येणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. बाबांनी मान हलवली, नाही. आईची पेटी उचलली तेव्हा क्वायर गात होती, आणि बाबा पेटीचा एक कोपरा खांद्यावर घेऊन ओठ मिटून चालत होते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. शाळेत मास्तरीण झाले होते. पोरांना रोज सांगायची, खरं बोला, खरं बोलणाऱ्याला देव भितो. त्या दिवशी ते एक वाक्य माझ्या तोंडात होतं. शपथेवर सांगते, जिभेच्या शेंड्यावर होतं. पण समोर सगळे ओळखीचे लोक, माझी शाळा, माझ्या लग्नाचं बोलणं चाललेलं. गिळलं. सेक्रेटरीला मी निर्लज्ज म्हणते, ते खरंच आहे. पण त्याला निदान खरं माहीत नव्हतं.

पंच्याऐंशीच्या आगेमागे बाबांच्या फुप्फुसांत पाणी झालं. धंतोलीच्या ज्या दवाखान्यात ठेवलं, तिथले पाइप त्यांनीच टाकलेले. पलंगावर पडल्या पडल्या ते नर्सला सांगायचे, बाई, वरच्या मजल्यावरचा तो नळ कोणीतरी उघडा ठेवला आहे. नर्स हसायची आणि पाहायला जायची, तर खरंच उघडा असायचा. डॉक्टरांना म्हणाले, जन्मभर दुसऱ्याच्या घरातलं पाणी काढलं, आता माझ्याच घरात शिरलं. आवाज बसला होता. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसून संत्रं सोलत होते. खोलीतल्या बेसिनचा नळ टपटप करत होता. बाबा म्हणाले, खालचा वॉल्व्ह बंद कर, मले झोप लागू देत नाही हा. मी वाकून बंद केला, आवळला आणि उठले. थेंब बंद झाला. बाबा माझ्या हाताकडे पाहत होते. मग डोळे मिटून म्हणाले,

‘आता बराबर केला. बंद करताना मागे घ्यायचा नसते, बेटा. उघडताना घ्यायचा. तू अर्धंच शिकली होती.’

माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. चौदा वर्षं मी समजून चालले होते की हे फक्त मला माहीत आहे. त्या कडुनिंबाखाली चाक पाव फेरा फिरलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. रागाने बंद करणारा माणूस गच्च आवळतो. बंद करून पाव फेरा मागे घेणारं येडं अख्ख्या नागपुरात एकच होतं, आणि ते त्यांनीच शिकवून ठेवलं होतं.

मी रडले वगैरे नाही. मला राग आला. त्यांचाच! मी म्हटलं, ‘तुम्हाले माहीत होतं तर तेव्हाच काहून नाही सांगतलं? मले तरी?’

बाबांनी धाप खाली बसू दिली. म्हणाले, ‘वाट पाहून राहिलो होतो. तू सांगशील म्हणून.’

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मी त्या खोलीत संत्र्याची सालं गोळा करत राहिले.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले. साक्षीची वेळ होती, कोणाला आजार बरा झाला, कोणाला नोकरी लागली, असं लोक सांगत होते. मी सांगितलं की चौदा वर्षांपूर्वी तो वॉल्व्ह मी बंद केला होता. सेक्रेटरींचा तो दणकट मुलगा आता कमिटीत होता. तो उठून म्हणाला, ताई, जुन्या गोष्टी आहेत, जाऊ द्या. म्हातारे सेक्रेटरी म्हणाले की असं असेल तर लेखी द्या, पुढच्या बैठकीत ठेवू. मी लेखी दिलं. तिथल्या तिथे, त्यांच्याच पेनाने. सहीसुद्धा केली.

तिथून दवाखान्यात गेले आणि बाबांना सांगितलं. त्यांनी किती लोक होते विचारलं, पाळकसाहेब काय म्हणाले विचारलं. मी म्हटलं, आता तुम्ही बरे होऊन या आणि गा. ते हसले आणि छातीवर हात ठेवून दाखवला, की इथे आता काही नाही. मग म्हणाले, ‘तुले येते ना ते विहिरीवरचं.’ मी हो म्हटलं. बैठक व्हायच्या आधीच, बुधवारी, ते गेले.

त्यांच्या मयतीला क्वायर उभी होती, हातात कागद घेऊन. बाजावर पहिला सूर लागायच्या आत मी सुरू केलं. माझा आवाज कावळ्याचा, तालाचा पत्ता नाही. विहिरीवर आली बाई, दुपारच्या पारी. सेक्रेटरी घड्याळ पाहत होते. पाहू दे. मागे कोणीतरी हलकेच टाळी धरली, शेजारच्या गल्लीतला एक म्हातारा होता, बाबांबरोबर कधीकाळी ढोलकी वाजवणारा. मी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. तो म्हातारा टाळी धरून थांबला, पुढचं येईल म्हणून माझ्याकडे पाहत.

पुढचं मला येत नव्हतं. ते टाकं भरल्यावर म्हणायचं होतं. नंतर मी कधी विचारलंच नाही.